राष्ट्राध्यक्षांच्या घरात लाईट आली तेव्हा बटण कोण दाबायचं?

तापीकाठची_लेक

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय.

मागच्या आठवड्यात बोदवडकडे आजोळी गेले होते. आजी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिच्या खोलीतल्या फॅनचं बटण ती अजूनही बोटाने दाबत नाही, दाराच्या मागे तुरीची एक वाळलेली काडी ठेवलीय त्या काडीने दाबते. काडीचं टोक घासून घासून गुळगुळीत झालंय. मी म्हटलं आजी आता काही होत नाही गं, तर म्हणे ओल्या हाताने एकदा झटका बसला होता, तुझी आई पोटात होती तेव्हा, तेव्हापासून ही काडी.

घरी आल्यावर अमेरिकेच्या व्हाईट हाऊसबद्दल वाचत होते आणि एकदम आजीच डोळ्यासमोर आली. १८९१ साली तिथे वीज आली तेव्हा बेंजामिन हॅरिसन राष्ट्राध्यक्ष होते. ते आणि त्यांची बायको झटक्याच्या भीतीने बटणाला हातच लावायचे नाहीत! नोकरांनी लावले तर दिवे लागायचे, नोकरांनी बंद केले तर बंद व्हायचे, आणि कोणी जवळ नसेल तर दोघं लाईट चालू ठेवून तसेच झोपायचे. एवढ्या मोठ्या देशाचा प्रमुख आणि आमची आजी एकाच पंगतीत बसलेत असं वाटलं आणि मला ते फार आवडलं, खरंच सांगते.

तर प्रश्न असा आहे. अशा मोठ्या घरात नवीन वस्तू येते, नळ म्हणा फोन म्हणा वीज म्हणा कॉम्प्युटर म्हणा, तेव्हा जगणं कोणाचं बदलतं? तिथे राहणाऱ्याचं की तिथे राबणाऱ्याचं? आपल्या राष्ट्रपती भवनाबद्दलही लिहा. आपल्या प्रतिभाताई पाटील तिथे पाच वर्षं राहून आल्यात, कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

वायरमन_साक्री

ताई धागा वाचला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझे वडील लाईनमन होते, मी पण तीस वर्षं हेच काम केलं.

तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. ती वायरिंग करायला एडिसन कंपनीचा एक तरुण पोरगा आला होता, आयर्विन हूव्हर, सगळे त्याला आईक म्हणायचे (हूव्हर नावाचे राष्ट्राध्यक्ष पुढे झाले, ते वेगळे). काम संपलं, पण घरच्यांना बटणांची भीती, मग बटणं चालवायची कोणी? त्यालाच नोकरीवर ठेवून घेतलं. तो पोरगा तिथेच राहिला तो ४२ वर्षं! पुढे त्या घराचा सगळा कारभार बघणारा मुख्य माणूस झाला आणि १९३३ साली वारला तेव्हाही त्याच नोकरीत होता. राष्ट्राध्यक्ष येत गेले जात गेले, वायरमन तिथेच.

आमच्या वडिलांचं असंच झालं होतं. ते ज्या गावात पोल टाकायला गेले तिथे पहिली लाईट एका मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यात लागली. ती माणसं एवढी घाबरलेली की महिनाभर रोज दिवेलागणीला वडिलांना बोलावणं यायचं, या भाऊ, लाईट लावून जा. वडील सायकलवर जायचे, ओसरीतलं काळं गोल बटण खाली पाडायचे, टक असा आवाज व्हायचा, आणि घरातली सगळी माणसं बल्बला हात जोडायची. मग चहा. रात्री नऊला परत जाऊन बंद करायचे. वडील सांगायचे की त्या महिन्यात जेवढा चहा प्यायलो तेवढा आयुष्यात प्यायलो नाही. पुढे त्या घरातल्या सूनबाईने एक दिवस पदराने बटण धरून खाली ओढलं आणि वडिलांची ड्युटी संपली.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. राबणाऱ्याचं बदलतं आधी. राहणाऱ्याचं नंतर, जमलं तर.

अहिराणी_गडी

बठ्ठं खरं शे भो! मन्हा आजा बी बल्ब लागना की हात जोडे. आमनी आई आजून जोडस.

केळीवाला_रावेर

मी पण जोडतो 🙏 त्यात लाजायचं काय. संध्याकाळची लाईट म्हणजे दिवाच ना.

तारबाबू_भुसावळ

मी रेल्वेत तारेवर काम करून रिटायर झालो, कड कट्ट कड कट्ट करण्यात जन्म गेला म्हणून माझा मुद्दा फोन-तारेचा.

लिंकनच्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं पण व्हाईट हाऊसमध्ये तारेचं यंत्र नव्हतं. ते शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीत होतं. हा माणूस रोज उठून चालत तिथे जायचा, तारबाबूंच्या टेबलाजवळ बसायचा आणि आलेल्या तारा एकेक करून वाचायचा, काही वेळा रात्र रात्र तिथेच. आम्हाला कल्पना आहे हो त्या खोलीची. एखादा अपघात झाला की आमच्या खोलीत मोठे साहेब लोक पण स्टुलावर बसून राहायचे, तेव्हा तिथे पद वगैरे चालायचं नाही, पुढची तार काय येते त्याच्याकडे सगळ्यांचे कान.

फोन आला १८७० च्या दशकाच्या शेवटी, हेस राष्ट्राध्यक्ष असताना. नंबर होता १. आणि थेट लाईन फक्त एका ठिकाणी, सरकारी खजिन्याच्या खात्याला! शहरात फोनच इतके कमी होते की करणार कोणाला. आणि राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या टेबलावर फोन कधी आला माहितीये? १९२९ साली. मधली पन्नास वर्षं फोन घरात होता पण टेबलावर नव्हता. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. वस्तू दारातून आत येते त्याला एक दिवस लागतो, माणसाच्या हाताशी यायला पन्नास वर्षं.

आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या रात्री मी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, मोबाईलवरून. दोघं तिघं रडले.

सातपुडा_ट्रेकर

तारबाबू काका 🙏 तो लाल फोन, ज्यावरून अमेरिका रशियाचे प्रमुख बोलायचे, त्याचं काय? तो खराच होता का?

तारबाबू_भुसावळ

नाही हो भाऊ. १९६३ साली जी हॉटलाईन सुरू झाली ती टेलिप्रिंटरची होती, लिहिलेले संदेश जायचे, आणि यंत्र होतं पेंटागॉनमध्ये. बोलण्यात चूक होऊ शकते, घाईत तोंडातून काही निघू शकतं, म्हणून मुद्दाम लेखी ठेवली. माझ्या मते फार शहाणपणाचं काम केलं ते. आमच्यात पण लेखी तार आल्याशिवाय गाडी सोडायची नाही अशी शिस्त होती.

शेवभाजी_प्रेमी

धागा मस्त चाललाय पण एक सांगू का, आपण सगळे अमेरिकेचंच बोलतोय. आपल्या राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत, १९२९ ला बांधून झालं, ७० कोटी विटा लागल्या म्हणतात. त्याचं कोणी सांगा की.

जळगावकर_मास्तरीण

सांगते मी. पण आधी सिमल्याचं सांगू दे, कारण हॅरिसन पतिपत्नीला उत्तर तिथे आहे.

व्हाईसरॉयचं उन्हाळ्याचं घर सिमल्याला होतं, व्हाईसरिगल लॉज, १८८८ चं. तिथे पहिल्यापासून वीज होती, स्वतःचं जनरेटर होतं. म्हणजे व्हाईट हाऊसच्या तीन वर्षं आधी! आणि लेडी डफरिन बाईंनी लिहून ठेवलंय की खोलीत फिरत फिरत बटणं दाबायला मजा वाटते. तिकडे राष्ट्राध्यक्ष घाबरतोय आणि इकडे ही बाई आनंदाने बटणं दाबत फिरतेय. माणसामाणसात फरक असतो. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्रपती निवास झालं आणि राधाकृष्णन राष्ट्रपती असताना ते संशोधन संस्थेला देऊन टाकलं.

आता प्रतिभाताई. नाडगावच्या, म्हणजे आपल्या बोदवड तालुक्यातल्या. एम. जे. कॉलेजच्या, टेबल टेनिस खेळायच्या, १९६२ ला जळगावच्या आमदार. आमच्या कॉलेजात अजून जुने कर्मचारी अभिमानाने सांगतात. २००७ ते २०१२ त्या राष्ट्रपती होत्या. त्यांनी तिथे 'रोशनी' नावाचा प्रकल्प सुरू केला, २००८ मध्ये. राष्ट्रपती भवन म्हणजे एक इमारत नाही, आजूबाजूला ३३० एकराची इस्टेट आहे, त्यात कर्मचाऱ्यांची घरं आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे, हजारो माणसं राहतात. रोशनी त्या सगळ्या वस्तीसाठी होता. वीज वाचवणं, सौर दिवे, ओला कचरा सुका कचरा वेगळा करणं. त्याला पर्यावरणाचं आयएसओ १४००१ प्रमाणपत्रही मिळालं. मला यात लेकीबाळीचा हात दिसतो. आपल्याकडची बाई कुठेही गेली तरी आधी विचारणार, पाणी कुठून येतं, दिवा कशावर चालतो, उष्टं-खरकटं कुठे जातं. त्यांनी लक्ष दिलं ते मागच्या आळीतल्या चाळींकडे, आणि तापीकाठच्या लेकी, तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे.

शेवभाजी_प्रेमी

मास्तरीणबाई 🙏🙏 आणि त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केलं होतं ना पुण्याहून?

केळीवाला_रावेर

हो! नोव्हेंबर २००९, वय ७४. आमच्या आईला टीव्हीवर दाखवलं तर म्हणे, तिला म्हणावं स्वेटर घाल वरती थंडी असेल 😄 आईच्या वयाच्या आसपासची बाई विमानाच्या पुढच्या बोगद्यासारख्या जागेत हेल्मेट घालून बसलीय, आई दोन दिवस सगळ्यांना सांगत होती.

धुळेकर_अभियंता

विषय विमानाकडे गेलाय तो परत घरात आणतो.

सौर दिव्यांवरून आठवलं. १९७९ मध्ये जिमी कार्टर यांनी व्हाईट हाऊसच्या पश्चिमेकडच्या भागाच्या छतावर पाणी तापवायचे ३२ सोलर पॅनल बसवले होते. १९८६ ला छताची दुरुस्ती निघाली तेव्हा ते काढले आणि परत बसवलेच नाहीत. २००३ पासून तिथे परत सौरऊर्जा आली. आपल्या साक्रीला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तिथल्या माळरानावर उन्हात उभं राहिलो होतो तेव्हा मला त्या काढून ठेवलेल्या ३२ पॅनलचं वाईट वाटलं. वस्तू आणणं एक आणि टिकवणं एक. मालक बदलला की वस्तूचं नशीब बदलतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळं. नवीन वस्तूंनी घर मोडतं पण!! व्हाईट हाऊस आतून लाकडी तुळयांचं होतं. नळ आले, तुळईला खाच मारा. गॅसच्या नळ्या आल्या, अजून खाच. विजेच्या तारा आल्या, भोक पाडा. १९२७ मध्ये वर तिसरा मजला चढवला तो काँक्रीट-लोखंडाचा, त्याचं वजन वेगळंच. शेवटी १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या मुलीच्या पियानोचा पाय जमिनीतून खाली गेला. मग सगळं कुटुंब समोरच्या ब्लेअर हाऊसमध्ये राहायला गेलं आणि घर आतून पूर्ण उकरून काढलं, बाहेरच्या चार भिंती फक्त उभ्या ठेवल्या आणि आत पोलादाचा नवा सांगाडा बसवला. १९५२ ला परत राहायला आले.

शंभर वर्षं प्रत्येक कारागिरानं आपापली एकच खाच मारली. कोणाचीच चूक मोठी नव्हती.

खापर_पुरणपोळी

अभियंता भाऊ तुम्ही माझ्या माहेराची गोष्ट सांगितली 😢

आमचं अमळनेरकडे धाब्याचं घर होतं. वर माती, खाली सागाच्या सरा म्हणजे आडव्या तुळया, मधे कडीपाट. उन्हाळ्यात ४५ च्या वर गेलं तरी आत माठासारखं गार. माझ्या लग्नाच्या आधी वडिलांनी वायरिंग नवीन केली, लपवून हवी म्हणून भिंतीला खाचा मारल्या. मग भावाने बाथरूम आत घेतलं, नळ आत आला, भिंतीला ओल. मग डिश टीव्हीवाल्याने धाब्यावर मोठे खिळे ठोकले, तिथून पावसाळ्यात पाणी. मग एसी. एसीवाल्याने जे भोक पाडलं ना त्यातून मूठभर पांढरी माती ढासळली आणि वडील काही न बोलता ती माती गोळा करून परत भिंतीला लिंपत बसले, ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. पुढच्या पावसाळ्यात मधली सर मोडली. आता तिथे स्लॅबचं घर आहे आणि एप्रिलपासून एसी लागतो. ज्या घराला एसी लागत नव्हता ते घर आम्ही एसीपायी घालवलं.

तापीकाठची_लेक

खापर ताई, काय लिहू. आमच्या आजोळचं अजून धाब्याचंच आहे. तुमचा प्रतिसाद मामाला मोठ्याने वाचून दाखवते आज.

सातपुडा_ट्रेकर

गर्मीचं निघालंच आहे तर, १८८१ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती, व्हाईट हाऊसमध्ये अंथरुणावर होते, तेव्हा नौदलाच्या इंजिनिअर लोकांनी बर्फाच्या पाण्याने भिजवलेली कापडं आणि पंखा लावून खोली गार करायचं यंत्र केलं होतं. म्हणजे कूलरच की! वाळ्याचा पडदा भिजवून समोर टेबल फॅन, आपल्याकडे घरोघरी असायचा. तरी ते सप्टेंबरमध्ये गेले. एसी तिथे १९३० ला बसला, आधी ऑफिसच्या भागात.

रोखठोक_चोपडा

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

तुम्ही सगळे म्हणताय वस्तू आली, सोय झाली, घर मोडलं. माझ्या मते खरा बदल दाराला झाला. व्हाईट हाऊसमध्ये एक जानेवारीला कोणीही सामान्य माणूस रांगेत उभा राहून राष्ट्राध्यक्षाशी हात मिळवू शकायचा, १९३२ ला ते शेवटचं झालं. १९३३ ला रूझवेल्ट रेडिओवरून बोलायला लागले, ऐकणाऱ्याला वाटायचं आपल्या ओसरीत बसून बोलतोय. आवाज घरात आला आणि दार लांब गेलं. आता टीव्हीवर, मोबाईलवर राष्ट्रपती भवनाचा कोपरा न् कोपरा दिसतो, पण आमच्या सत्तर वर्षांच्या काकांना बघायला जायचं तर ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, आणि काकांना साधा फोन सुद्धा दुसऱ्याने लावून द्यावा लागतो.

जळगावकर_मास्तरीण

रोखठोक भाऊ, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. रांगेत हात कोण मिळवू शकायचं? जो त्या गावात राहतो तो. चोपड्याचा माणूस दिल्लीला रांगेत कधी उभा राहणार होता? कलाम साहेबांना देशभरातली पोरं ईमेल करायची आणि उत्तरं यायची. आमच्या शाळेतल्या एका मुलीने पाठवली होती, आलेल्या उत्तराची प्रिंट तिने फ्रेम करून ठेवलीय. त्याच कलामांनी तिथल्या बागेत अंध लोकांसाठी हाताने स्पर्श करून, वास घेऊन बघायची बाग केली. तिला काही यंत्र लागत नाही, पण कोणाला दारातून आत घ्यायचं हे त्या माणसाला कळत होतं.

कापूसकोंड्या_पारोळा

माझा अनुभव. आमच्या वडिलांचं जमिनीच्या मोबदल्याचं काम एका कार्यालयात अकरा वर्षं अडकलं होतं. दरवेळी कागद हरवला, साहेब नाही, पुढच्या सोमवारी या. शेवटी पुतण्याने राष्ट्रपतींच्या सचिवालयाच्या वेबसाईटवर अर्ज टाकला. वडील म्हणाले अरे एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास. काही दिवसांनी उत्तर आलं, नंबरासहित, की तुमचा अर्ज राज्याकडे पाठवला आहे. काम लगेच झालं नाही, त्यालाही अजून दीड वर्ष गेलं. पण तो नंबर असलेला कागद वडील खिशात घेऊन फिरायचे आणि त्या कार्यालयात दाखवायचे, आणि त्या दिवसापासून त्यांना बसायला खुर्ची मिळायला लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची.

रोखठोक_चोपडा

कापूसकोंड्या भाऊ, मी माझे शब्द मागे घेतो. निदान अर्धे.

अहिराणी_गडी

खुर्चीनी गोष्ट वाचीसन डोयामा पानी उनं भो.

लोडशेडिंग_ग्रस्त

मला फक्त एक आवडती गोष्ट सांगायचीय. १८४८ मध्ये व्हाईट हाऊसमध्ये गॅसचे दिवे आले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष पोल्क यांच्या पत्नी सारा म्हणाल्या की एका दालनातलं झुंबर मेणबत्त्यांचंच राहू द्या. सगळे हसले असतील. मग पहिल्याच समारंभात रात्री नऊला गॅस कंपनीने पुरवठा बंद केला, सगळं घर अंधारात, आणि फक्त सारा बाईंचं झुंबर जळत होतं!

आमच्या घरी इन्व्हर्टर आहे तरी आई देवळीत घासलेटाची चिमणी पुसून, वात कापून तयार ठेवते. आता घासलेट मिळत नाही तर डिझेल भरते. दीपनगरचं वीजकेंद्र आमच्या गावावरून दिसतं, रात्री त्याचे दिवे लुकलुकतात, आणि तरी लोडशेडिंगच्या वर्षांत आम्ही त्याच चिमणीवर दहावीचा अभ्यास केलाय.

वायरमन_साक्री

सारा बाई पक्की संसारी होती.

मास्तरीणबाईंनी सांगितलं ते पटलं, त्यावर अजून एक भर घालतो. व्हाईट हाऊसमध्ये नळाचं पाणी १८३३ ला आलं, जॅक्सन असताना. तोपर्यंत सगळं पाणी माणसं वाहायची, आणि त्या घरात राबणाऱ्यांत गुलाम म्हणून ठेवलेली माणसं होती. नळ आल्यावर राष्ट्राध्यक्षाला काय फरक पडला? त्याला पाणी आधीही मिळत होतं, नंतरही मिळालं. फरक पडला तो बादली धरणाऱ्या हाताला. पण तो माणूस त्यामुळे मोकळा झाला नाही, हे पण लिहून ठेवतो. ओझं कमी झालं, बेडी तशीच राहिली. नळाने सगळं होत नाही.

केळीवाला_रावेर

वायरमन काका, अगदी बरोबर. माझ्या शेतातलंच सांगतो.

केळीला पाणी द्यायचं तर शेतीची लाईट रात्रीची. आमचे सालदार आमच्याकडे बावीस वर्षांपासून आहेत, मी त्यांना काका म्हणतो. रात्री दोनला लाईट आली की ते बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे मोटर चालू करायला. केळीच्या बागेत रात्री काय काय असतं ते शेतकऱ्यालाच माहीत, दोनदा घोणस पायाजवळून गेली. वडील घरात झोपलेले असायचे. मागच्या वर्षी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. आता रात्री दोनला मी गादीवरून मिस कॉल देतो, मोटर चालू. पहिल्या रात्री काका तरीही उठून विहिरीवर गेले, खरंच चालू झाली का बघायला. दुसऱ्या रात्री पण गेले. तिसऱ्या रात्री मी त्यांना फोन केला की काका झोपा, तर म्हणे, जागच येते रे भाऊ, बावीस वर्षांची सवय आहे.

तापीकाठची_लेक

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. केळीवाला भाऊ, त्या काकांना माझा नमस्कार सांगा.

आज परत आजोळी आलेय. मामाला खापर ताईंचं धाब्याच्या घराचं वाचून दाखवलं, तो पुढच्या महिन्यात वायरिंग नवीन करणार होता, आता म्हणतोय खाच मारायची नाही, वरूनच पट्टी टाकू, दिसली तर दिसू दे. साक्रीच्या काका, तुम्हाला मेसेज करते, पट्टी कोणती घ्यायची ते सांगाल का?

आणि आजीला हॅरिसनची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणे, त्याच्या बायकोला कोणी काडी नाही दिली का गं?

वायरमन_साक्री

पीव्हीसीची एक इंची घ्या, आणि सरीला खिळा मारू नका, भिंतीला लाकडी गुटका बसवून त्यावर स्क्रू मारा. अर्थिंग आधी तपासा, ते नसेल तर बाकीचं काही करू नका. रविवारी मोकळा आहे, येऊन बघून जाईन. आजींच्या खोलीतलं बटण मी स्वतः बदलून देतो, काडीने दाबायला सोपं पडेल असं मोठं.